सूत

मशीनवाल्यानं गाडी घेतलीच नाही.
रॅम्पला बंपर टेकला, करकरला.
पोटावर सरपटणाऱ्यांसाठी नाही हे, तो म्हणाला,
आणि तश्रीक फाटकाबाहेर जाईपर्यंत
मागे, अजून मागे, असा हात हलवत राहिला.

म्हणून आज रविवारी, अथलोनमध्ये, आमच्या अंगणात
इघसानमामा चार स्टँड, मासे पकडायची दोरी
आणि आईच्या डब्यातली साखर घेऊन आलाय.
साखर दोन फरश्यांच्या मध्ये पसरायची,
वरच्या फरशीवर चाक.
मग ते बोटानं ढकललं तरी वळतं.
आई दारातून : आणि रविवारचे कुसिस्टर
मी आता कशात घोळवू?

बस डेपोत एकतीस वर्षं काढली मामानं.
गुडघा टेकताना अल्लाचं नाव घेतो, उठताना डॉक्टरचं.
तश्रीकला म्हणतो, साठ मिलिमीटर खाली बसवलीस,
बरं केलंस, देखणी दिसते.
पण बूड खाली गेलं की स्टिअरिंगच्या सळ्या वर तिरक्या होतात
आणि चाकांची तोंडं फिरतात,
एक त्या कुंपणाकडे, एक या.
अबोला धरल्यासारखी.
टायर बाहेरून नवा. आतली कड बघ.
बघते मी हात घालून.
तार टोचते.

गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणलेली,
माझ्याकडे स्टीलची पट्टी.
डोंगरावरून साउथईस्टर उतरतो,
दोरी गुणगुणते, आकडा थरथरतो.
थांब, मामा म्हणतो. श्वास घेऊ दे त्याला.
वारा पडला तेवढ्यात
रिमची पुढची कड : एक्केचाळीस.
मागची : चव्वेचाळीस.
दुसरीकडेही तीनच.
निदान भांडण तरी बरोबरीचं, मामा हसतो,
लॉकनट सैल करतो, सळी अर्धा आटा लांबवतो.
इकडे अर्धा तर तिकडेही अर्धा,
नाहीतर रस्ता सरळ आणि स्टिअरिंग वाकडं,
मग आयुष्यभर मान कलती करून चालवशील.

चाकं वरून आत झुकलीत, ते?
ते राहू दे, म्हणतो. एवढी ऐट परवडते या वयात.

आता सीटवर वजन हवं.
रिकामी गाडी खोटं बोलते.
तांदळाची पोती सापडेनात, तश्रीक सळईखाली,
मी पट्टीला बांधलेली.
तेव्हा आई
(त्या ड्रॉवरमध्ये मी मेल्याशिवाय बसणार नाही,
हे तिचंच, मार्चपासून)
ॲप्रनला हात पुसत आली,
दोन प्रयत्नांत आत शिरली
आणि खाली, खूप खाली बसून
काचेतून आमच्या पोटऱ्यांकडे बघू लागली.

आकडे बदलले.
दीड मिलिमीटर.
तश्रीक म्हणाला, पण चालवणार मी एकटाच आहे.
मामा काही बोलला नाही.
पाना पुसला, परत पुसला.
आईनं बेल्ट लावून टाकला.

दुपारची अजान झाली तेव्हा नट आवळत होते.
आई शेजारच्या सीटवर सरकली, तश्रीक चाकामागे,
मामा मागच्या बाकावर आडवा, गुडघे छातीशी.
क्लिपफाँटेन रोडवर, नंतर कळलं,
मुलानं स्टिअरिंग सोडून दिलं
आणि गाडी नाकासमोर चालत राहिली,
सुतासारखी,
आणि आईनं त्याच्या मनगटावर फटका मारला.

मी होते अंगणात.
दोन दोऱ्या तशाच ताणलेल्या,
मधे गाडीएवढी मोकळी जागा.
वारा आला, त्या वाजल्या.
फरशीच्या कडेनं मुंग्यांनी
वाकडीतिकडी ओळ धरली होती साखरेकडे,
आणि पोचत होत्या.